इंधनाची वाट (भाग 9) : फ्लेअर आणि फुंकणी

गेल्या आठवड्यात कच्चं तेल तापवून पेट्रोल, रॉकेल, डिझेल कसं वेगळं काढतात ते पाहिलं. आपल्या बुलडाण्याच्या तेरा तालुक्यांत रिफायनरी नाही. अकोल्याजवळच्या गायगाव डेपोतून टँकर आला की पंप चालू, एवढाच आपला संबंध. म्हणून खामगावहून पहिल्यांदा चेंबूरला मावशीकडे गेलो, तेव्हा संध्याकाळी गच्चीवरून माहुलकडे आभाळात पेटलेली ज्योत पाहून मी 'आग, आग' करत खाली पळालो. मावशीने दोरीवरचे कपडे काढणंही थांबवलं नव्हतं. "रोजचीच आहे ती," म्हणाली.

माहुलला दोन रिफायनऱ्या शेजारी शेजारी आहेत. आजची हिंदुस्थान पेट्रोलियमची 1954 सालची, भारत पेट्रोलियमची 1955 सालची. तिथल्या कामगारांच्या भाषेत ही ज्योत म्हणजे फ्लेअर.

कुकरची शिट्टी आठवा. आत दाब वाढला की वाफ बाहेर. रिफायनरीतल्या भांड्यांनाही असे सेफ्टी व्हॉल्व्ह असतात, फक्त त्यातून वाफेऐवजी प्रोपेन, ब्युटेन, कधी विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो मोकळा सोडला तर जमिनीलगत साचून ठिणगीची वाट पाहत बसेल. म्हणून सगळ्या व्हॉल्व्हचा वायू एका मोठ्या नळात घेतात. वाटेतल्या टाकीत त्यातले तेलाचे थेंब खाली बसतात, मग पाण्याचा अडसर ओलांडून तो उंच नळीच्या टोकाशी जातो. तिथे छोटे पायलट बर्नर कायम पेटते असतात. वीज गेली किंवा कॉम्प्रेसर अडला, तर बघता बघता टनावारी वायू येऊन धडकतो. त्यामुळे फ्लेअरच बंद करा, ही मागणी कितीही रास्त वाटली तरी धोक्याची आहे.

आता फुंकणी. ओली तुराटी धुपायला लागली की आजी फुंकणी घ्यायची; दोन फुंकरांत धूर जाऊन जाळ स्वच्छ. फ्लेअरच्या टोकाशी हेच काम वाफेचे झोत करतात. ते बाहेरची हवा ओढून ज्योतीत मिसळतात आणि काजळी थांबते. पण मी उत्साहाने फुंकत सुटलो की आजी ओरडायची, "अरे, विझवशील!" वाफ जास्त झाली की फ्लेअरचंही तेच होतं. ज्योत थंडावते आणि वायू न जळताच निसटतो. गंमत अशी, की काळा धूर दिसतो म्हणून लोक तक्रार करतात. हा निसटलेला वायू कुणाला दिसतच नाही. फ्लेअरमध्ये 98 टक्के वायू जळतो, असं धरून हिशेब करायची रीत आहे. अमेरिकेच्या तेलक्षेत्रांवर विमानं फिरवून शास्त्रज्ञांनी 2022 मध्ये आकडा मांडला तो 91 टक्क्यांच्या आसपास. ती तेलक्षेत्रं होती, रिफायनऱ्या नव्हेत. पण गृहीत धरलेल्या आकड्यावर किती विसंबावं, ते यातून कळतं.

नियमांची खरी अडचण मोजण्यात आहे. भट्टीच्या धुराड्यात यंत्र बसवता येतं, उघड्यावरच्या ज्योतीत कुठे बसवणार? आपल्याकडे 2008 मध्ये रिफायनऱ्यांच्या भट्ट्या, बॉयलर यांच्यासाठी मानकं आली. 2014 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने रिफायनऱ्यांसह 17 प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारी यंत्रं बसवायला सांगितलं. अमेरिकेने 2015 मध्ये ज्योतीचंच वर्तन नियमात बांधलं. दोन तासांत 5 मिनिटांहून जास्त धूर दिसता कामा नये, आणि वाफेत मिसळल्यावरही वायूचं उष्मामूल्य ठरावीक पातळीखाली घसरता कामा नये. म्हणजे आजीचा इशारा कायद्याच्या भाषेत. माझ्या मते आपणही वायू ज्योतीपर्यंत पोचण्याआधी नळातच मोजावा आणि त्याचे आकडे माहुलच्या रहिवाशांना वाचता यावेत.

त्याहून बरं म्हणजे वायू तिथवर जाऊच न देणं. गळके व्हॉल्व्ह वेळेवर बदलायचे आणि पाण्याच्या अडसराआधी कॉम्प्रेसर लावून वायू परत भट्टीत इंधन म्हणून वळवायचा. मोठा झटका आला तरच तो अडसर ओलांडेल. खर्च होतो, पण इंधनही वाचतं.

वायू जाळायचा की वापरायचा, हा प्रश्न मुंबईच्या समुद्रातही येऊन गेला आहे. 1974 मध्ये तेलविहिरी खोदणाऱ्या 'सागर सम्राट'ला मुंबई हाय या तेलक्षेत्रात तेल लागलं, 1976 मध्ये ते निघू लागलं. त्याच्यासोबत येणारा वायू किनाऱ्याला आणायला सुरुवातीला नळच नव्हता, म्हणून तो समुद्रातच जाळला जाई. पुढे उरणपर्यंत नळ आले आणि 1985 मध्ये अलिबागजवळ थळचा खत कारखाना त्याच वायूवर उभा राहिला. आमच्या पऱ्हाटीला वडील 'उज्ज्वला' युरिया टाकायचे, तो हा कारखाना चालवणाऱ्या कंपनीचाच.

गायगावला टँकर भरताना झाकणातून पेट्रोलची वाफ उडते. तिथे ना ज्योत, ना धूर. तिची गोष्ट पुढच्या आठवड्यात.