चित्र ठरतं ते बसायच्या जागेवरून

उत्रेख्त शहरातल्या बूरकेर्क या जुन्या चर्चच्या अंतर्भागाचं एक रेखाचित्र आहे. त्यावर तारीख आहे १६ ऑगस्ट १६३६. काढणारा पीटर सानरेडाम तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता, राहणारा हार्लेमचा. चर्चच्या आतली चित्रं नेदरलँड्समध्ये त्याच्या आधीही निघत होती, पण त्यातली बरीचशी मनानं रचलेल्या खांब-कमानींची. सानरेडाम मात्र खरोखरीच्या चर्चमध्ये जाऊन बसायचा, दिसतं ते काढायचा आणि कागदावर तारीख घालायचा.

आतली जागा काढायची तर आधी बसायचं कुठे, ते ठरवावं लागतं. आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून एक आडवी रेषा कल्पायची. तिच्या वरच्या कडा, म्हणजे तुळया, झरोक्यांचे माथे, दूर जाताना खाली उतरत येतात. खालच्या कडा, फरशीचे सांधे वगैरे, वर चढतात. आपल्यापासून सरळ आत जाणाऱ्या सगळ्या समांतर रेषा त्या आडव्या रेषेवरच्या एकाच बिंदूला जाऊन मिळतात. पर्स्पेक्टिव्हचं मूळ गणित एवढंच. जमिनीवर मांडी घालून बसलं की ती रेषा खाली सरकते आणि तेच छत अंगावर येतं. खांबाला खेटून बसलं की जवळचा खांब कागद व्यापतो, लांबचा काडीएवढा होतो. चित्रातलं नाट्य इथेच तयार होतं. नंतर रेषा ताणून ते आणता येत नाही.

सानरेडाम ही रेषा बहुधा खाली ठेवायचा, त्यामुळे त्याच्या कमानी माणसांच्या डोक्यावर कितीतरी उंच जातात. बूरकेर्कमध्ये त्यानं आणखी एक धाडस केलं. मान वळवल्याशिवाय दिसणार नाही एवढा विस्तार त्यानं एकाच कागदावर घेतला. असं केलं की कडेच्या गोष्टी रुंदावतात, कारण सपाट कागदाला डोळ्यासारखं फिरता येत नाही. पुढे या एका रेखाचित्रातून त्यानं दोन तैलचित्रं केली. उजव्या भागाचं १६४४ मधलं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, डाव्या भागाचं १६४५ मधलं अमेरिकेत फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात.

आठ-नऊ वर्षं का लागावीत? जागेवरचं रेखाचित्र हे त्याच्या लेखी टिपण होतं. घरी आल्यावर मोजमापं लावून, पट्टी धरून तो दुसरं, काटेकोर रेखाटन करायचा. त्या कागदाची पाठ काळी करून तो कार्बन पेपरसारखा फळीवर ठेवायचा आणि टोकदार सळईनं रेषा गिरवून खाली उतरवायचा. या प्रवासात तो मापं बदलतही असे. कमान थोडी उंचावे, खांब थोडा सडसडीत होई. इमारत अशी हातात बसलेल्या माणसालाच हे बदल शोभतात.

उजेडाचा प्रश्न अधिक अवघड. चर्च प्रोटेस्टंटांकडे गेल्यावर आतल्या भिंतींना चुना फासला गेला होता. म्हणजे पांढऱ्यावर पांढरं काढायचं. सानरेडामनं कोवळा पिवळसर आणि राखाडी यांच्या बारीक फरकांवर तो निभावला. त्याच्याहून वीसेक वर्षांनी धाकट्या एमान्युएल द विटची रीत उलटी: पुढे जवळजवळ काळा खांब आणि त्यामागे फरशीवर पडलेला उन्हाचा लख्ख पट्टा. डोळ्यात भरण्यात द विट पुढे. पण चर्च कसं होतं हे कळायला सानरेडामच हवा.

हे घरी करून बघता येतं. दुपारी जिन्याखाली किंवा माजघराच्या कोपऱ्यात जमिनीवर बसावं, डोळे किलकिले करावेत आणि उजेड, मधली छटा, गडद सावली असे तीनच भाग आधी लावावेत. खिडकीशेजारची भिंत आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप काळी असते. विद्यार्थ्यांचं चित्र फिकं पडतं ते बहुतेक वेळा ही भिंत पांढरी सोडल्यामुळे, कारण ती पांढरी आहे हे त्यांना माहीत असतं.

लंडनच्या चित्रात उजवीकडे खाली दोन मुलं आहेत. एक कुत्र्याशी खेळतोय. दुसऱ्याचा हात भिंतीकडे आहे आणि भिंतीवर चौघे भाऊ बसलेला घोडा खरडलेला आहे, जुन्या लोककथेतला. त्या पोरकट चित्राखालीच सानरेडामनं आपलं नाव आणि साल घातलं आहे.

१६३६ च्या त्याच मुक्कामात त्यानं उत्रेख्तचं मारियाकेर्कही अनेक बाजूंनी रेखाटलं. ते चर्च एकोणिसाव्या शतकात पाडलं गेलं, आवारातली ओवरी तेवढी उरली आहे. आतली बांधणी कशी होती हे सांगणारा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणून अभ्यासक आज त्याचीच रेखाचित्रं उघडतात.