तीन पानांचे दोन वृक्ष

‘कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच’ ही म्हण ज्या त्रिदलाच्या भरवशावर उभी आहे, ते त्रिदल पांगाऱ्यालाही असते. शिवाय शिंबावंत कुळातील, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातील, हे दोन्ही वृक्ष फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निष्पर्ण होऊन केशरी-तांबड्या फुलांनी भरत असल्याने, दुरून पाहणाऱ्याची फसगत झाली तर नवल नाही. जवळ गेल्यावर मात्र खुणा पटतात. पळसाच्या पर्णिका (संयुक्त पानाचे सुटे भाग) जाड, चिवट आणि खालून लवदार असतात, म्हणूनच त्या पत्रावळी-द्रोणांच्या कामी आल्या. पांगाऱ्याच्या पर्णिका पातळ असतात आणि फांद्यांवरचे आखूड, काळपट काटे तर त्याचे एकट्याचेच.

खरा भेद फुलात आहे. दोन्ही फुलांची घडण पतंगरूप, म्हणजे वर एक मोठी पाकळी (ध्वजक), बाजूंना दोन (पक्ष) आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली होडी (नौतल) अशी असली, तरी पळसात हे नौतल पोपटाच्या चोचीसारखे बाकदार असते, त्यावरूनच संस्कृतात त्याला किंशुक, ‘हा पोपट तर नव्हे?’, असे नाव पडले. पुंकेसर या चोचीत दडलेले असतात. मधासाठी आलेल्या शिंजिर पक्ष्याने रेटा दिला की ते बाहेर येऊन त्याला पराग चिकटतात. पांगाऱ्याला असा आडपडदा नाही: पक्ष आणि नौतल इतके आखूड की पुंकेसरांचा झुबका उघडाच राहतो, आणि मैना, बुलबुल, कोतवाल यांच्या गळ्याला पराग आयतेच लागतात.

पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असते, जे ‘मोनोस्पर्मा’ या शास्त्रीय नावात नोंदले गेले आहे, तर पांगाऱ्याची शेंग बियांच्या मधोमध आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी असते. अर्थात पांगारा फांदी खोचूनही रुजतो, म्हणून कुंपणाला आणि पानमळ्यात वेलींच्या आधाराला तो लावला जातो. या वृक्षामागे अलीकडे एक पीडा लागली आहे: 2004 मध्ये शास्त्रीय वर्णन झालेली, जेमतेम दीड मिलिमीटरची गांधीलमाशी त्याच्या कोवळ्या पानांत आणि देठांत अंडी घालते, पाने गाठाळून इतकी वेडीवाकडी होतात की तीन पर्णिकांचा हिशेबच लागेनासा होतो. पळसाला ती शिवत नाही.