उघडा कर्सर आणि मधल्या काळातले बदल

कर्सर उघडून एकेक ओळ घेत असताना प्रत्येक 'फेच'ला त्या क्षणाची ताजी ओळ मिळते, असा अनेक प्रोग्रॅमरांचा पक्का समज असतो. ओरॅकलमध्ये तो सरळ चुकीचा आहे. तिथे निकाल ठरतो तो 'ओपन'च्या क्षणी. दहा वाजता साधा कर्सर उघडला, सव्वादहाला दुसऱ्या कुणी एक ओळ बदलून कमिट केली आणि साडेदहाला आपला कर्सर तिच्यापाशी पोचला, तरी हाती येते ती दहाची किंमत. कर्सर उघडल्यानंतर आपल्याच सेशनने केलेला बदलही त्यात दिसत नाही. हे कळल्यावर काही जण दुसरे टोक गाठतात: म्हणजे उघडतानाच सगळ्या ओळींची नक्कल काढली जात असणार! तसेही नाही. मुळात ठरतो तो एक बदल-क्रमांक, एससीएन. वाचताना एखादा ब्लॉक त्यानंतर बदललेला आढळला, तर अनडूमधल्या नोंदींवरून त्याचे जुने रूप पुन्हा उभे केले जाते. फार वेळ चाललेल्या कर्सरला 'स्नॅपशॉट टू ओल्ड' ही ओआरए-०१५५५ त्रुटी येते ती यामुळेच. लागणाऱ्या अनडू नोंदींवर तोवर नव्या नोंदी लिहिल्या गेलेल्या असतात.

मग जुनी माहिती हवी कुणाला, हा आक्षेप वाजवी वाटतो. पण खात्यांच्या शिलकांची बेरीज करून पाहा. पहिले खाते वाचून झाले, मग त्यातले ५,००० रुपये शेवटच्या खात्यात गेले आणि तिथे आपण ताजी शिलक वाचली, तर तीच रक्कम दोनदा मोजली जाईल. अशी बेरीज कोणत्याच क्षणी खरी नव्हती. दहा वाजताची बेरीज निदान दहा वाजता तरी खरी होती, आणि हिशेबाला तेच लागते.

मात्र हा नियम सगळीकडे लागू धरणे ही तिसरी चूक, आणि मला ती सर्वांत घातक वाटते. एसक्यूएल सर्व्हरचा स्टॅटिक कर्सर खरोखरच टेम्पडीबीत नक्कल ठेवतो. कीसेट फक्त किल्ल्या ठेवतो, त्यामुळे बदललेल्या किमती दिसतात, इतरांनी घातलेल्या नव्या ओळी दिसत नाहीत आणि पुसलेल्या ओळीवर फेच-स्टेटस -२ येतो. डायनॅमिकमध्ये तिन्ही बदल दिसतात. मायएसक्यूएल तर नक्कल काढेलच किंवा काढणार नाहीच, असे कोणतेही आश्वासन देत नाही. पोस्टग्रेस साध्या कर्सरला स्नॅपशॉटशी बांधून ठेवतो. पण 'फॉर अपडेट' जोडले की नेहमीच्या रीड कमिटेड पातळीवर ओळ फेच होताना तिला कुलूप लागते आणि तिची ताजी आवृत्ती मिळते. वाचलेल्या किमतीवरून तीच ओळ बदलायची असेल, तर तिथे हेच वापरावे.