रुग्णाआधी पोहोचणारा निरोप

झाशी शहराजवळ देशाचे दोन मोठे महामार्ग एकमेकांना भेटतात. श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा ४४ क्रमांकाचा आणि पोरबंदरहून आसामकडे जाणारा २७ क्रमांकाचा. या रस्त्यांवरील अपघातग्रस्तांना, तसेच ललितपूर आणि शेजारच्या मध्य प्रदेशातील दतिया, निवाडी या भागांतील गंभीर रुग्णांना झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा मोठा आधार असतो. अशा वेळी रुग्णवाहिकेच्या आधी तिचा निरोप रुग्णालयात पोहोचला, तर उपचारातील मोलाची मिनिटे वाचतात.

निरोपात काय असते?

हा निरोप थोडक्यात द्यावा लागतो. रुग्णाचे वय, घटनेची वेळ, दुखापतीचे स्वरूप, नाडी, रक्तदाब व श्वसन, वाटेत केलेले उपचार आणि पोहोचण्यास लागणारा वेळ एवढे कळले, तरी रुग्णालयाला पूर्वतयारी करता येते. शल्यचिकित्सकाला बोलावणे, रक्ताची तजवीज करणे, शस्त्रक्रियागृह मोकळे ठेवणे ही कामे रुग्ण वाटेत असतानाच सुरू होतात. खाट रिकामी नसेल, तर तेही वेळीच कळते आणि रुग्णवाहिका दुसरीकडे वळवता येते.

बिनतारीचे गुण आणि मर्यादा

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात रुग्णवाहिका व रुग्णालये यांच्यातील बिनतारी संपर्काच्या अभावावर बोट ठेवले होते. त्यानंतर तेथे अशा यंत्रणा उभ्या राहिल्या. मायामी येथे डॉ. यूजीन नेगेल यांनी रुग्णाच्या हृदयाचा आलेख बिनतारी लहरींवरून रुग्णालयात पाठवण्याचा प्रयोग यशस्वी केला.

बिनतारी संचावर क्रमांक फिरवावा लागत नाही. कळ दाबताच बोलता येते आणि एकच संदेश अनेक केंद्रांना एकाच वेळी ऐकू जातो. मुख्य म्हणजे ही यंत्रणा सार्वजनिक दूरध्वनी जाळ्यावर अवलंबून नसते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत स्फोट झाले, तेव्हा मोबाइलचे जाळे कोलमडल्याचा अनुभव मुंबईकरांनी घेतला आहे.

मात्र एका वेळी एकालाच बोलता येते. डोंगर आड आल्यास लहरी अडतात व उंचावर पुनःप्रक्षेपक बसवावे लागतात. साध्या संचावरील संभाषण इतरांनाही ऐकू येऊ शकते, म्हणून रुग्णाचे नाव उच्चारले जात नाही.

झाशीपुढील प्रश्न

उत्तर प्रदेशात १०८ क्रमांकाची सेवा २०१२ मध्ये सुरू झाली. झाशीहून केलेला दूरध्वनी सुमारे ३०० किलोमीटरवरील लखनौच्या नियंत्रण कक्षात घेतला जातो. तेथून मोबाइल आणि उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या साहाय्याने जवळची रुग्णवाहिका धाडली जाते. गाडीतील तंत्रज्ञाला नियंत्रण कक्षातील डॉक्टरांचा सल्लाही मिळू शकतो. परंतु सल्ला देणारे डॉक्टर आणि रुग्णाला ताब्यात घेणारे डॉक्टर वेगळे असतात. लखनौला कळलेली गोष्ट झाशीच्या अपघात विभागाला कळवणारा दुवा स्वतंत्रपणे जोडावा लागतो. त्यातच मध्य प्रदेशाची १०८ सेवा भोपाळहून चालते. सीमेपलीकडून येणारा रुग्ण एकाच रुग्णालयाकडे निघालेला असला, तरी त्याची नोंद दुसऱ्या राज्याच्या कक्षात असते.

संपर्काची गरज उलट दिशेनेही भासते. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री याच वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. त्या रात्री दहा अर्भके दगावली आणि पुढे मृतांची संख्या वाढली. वाचलेल्या बालकांना इतर कक्षांत व अन्य रुग्णालयांत हलवावे लागले. अशा प्रसंगी कोठे किती बालकांची सोय होईल, हे तत्काळ समजणे अत्यावश्यक असते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला ‘सुवर्ण तास’ म्हणून कायदेशीर व्याख्या दिली. या तासाचा मोठा भाग रस्त्यावरच खर्च होतो. तो सर्वस्वी वाया जाऊ द्यायचा नसेल, तर साधन बिनतारी असो वा मोबाइल, अपघात विभागात निरोप घेणारी व्यक्ती चोवीस तास नेमलेली असणे, दोन्ही राज्यांच्या कक्षांना तिचा क्रमांक ठाऊक असणे आणि जाळे बंद पडल्यास वापरण्यासाठी पर्यायी संच हाताशी असणे आवश्यक ठरते.