वजन कमी करण्याचं ऑपरेशन: सासूबाईंची भीती, भावाची घाई आणि डॉक्टरांची आकडेवारी

मागच्या पालकसभेला आमच्या एका विद्यार्थिनीची अम्मी आली होती. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. दोन जिने चढेपर्यंत तिला तीनदा थांबावं लागलं. वय अवघं एकोणचाळीस. मुलीच्या मार्कांवर दोन वाक्यं झाली आणि तिने पर्समधून फाईल काढली. शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकतो म्हणून केलेली तपासणी, गुडघ्यांचे एक्स-रे. डॉक्टरांनी वजन कमी करण्याचं ऑपरेशन सुचवलं होतं आणि घरात दोन तट पडले होते. सासूबाई म्हणत होत्या, "चांगल्या पोटाला चाकू कशाला? अल्लाहने दिलेलं शरीर आहे." भाऊ म्हणत होता, "एकदाच करून टाक आपा, सगळ्या आजारांतून सुटशील." तिने आम्हाला विचारलं, "टीचर, तुम्ही वाचत असता. दोघांत खरं कोण?"

आम्ही डॉक्टर नाही, त्यामुळे तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. पण घरी येऊन या ऑपरेशनवर झालेले मोठे अभ्यास वाचून काढले. आता वाटतं, दोघंही अर्धे बरोबर आहेत आणि अर्धे चुकलेत.

आधी हिशेब. वजन किलोमध्ये घ्या आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा, म्हणजे बीएमआय मिळतो. या ताईंचं वजन 104 किलो, उंची 1.55 मीटर. बीएमआय आला 43. ज्याला डॉक्टर गंभीर लठ्ठपणा म्हणतात तो हाच. 2022 मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी नवीन शिफारस केली. बीएमआय 35 किंवा जास्त असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशनचा विचार व्हावा, आणि आशियाई लोकांसाठी ही रेघ 27.5 वर आणावी. कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि शुगर लवकर लागते.

"खाणं कमी कर, चालायला जा" हा सल्ला या ताईंना वीस वर्षांत किती जणांनी दिला असेल! दर रमजानला पूर्ण रोजे ठेवूनही वजन तिथेच, म्हणून टोमणेही ऐकले. पण शंभरी ओलांडलेलं शरीर स्वतःच्या वजनाची राखण करतं. चार किलो उतरले की भुकेची हार्मोन्स वाढतात, शरीर ऊर्जा कमी खर्च करू लागतं आणि वजन परत येतं. यात सब्र कमी पडलं असं म्हणणं आम्हाला अन्याय वाटतो.

ऑपरेशनात नेमकं काय करतात? आपल्याकडे दोन प्रकार जास्त होतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात, उरते केळ्यासारखी बारीक नळी. भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्याच काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकच कमी लागते. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, अन्न मधला भाग टाळून पुढे जातं. त्यामुळे आतड्यातली काही हार्मोन्स वाढतात आणि शुगर, वजन घटण्याआधी, काही दिवसांतच उतरायला लागते. हे चरबी शोषून काढण्याचं सौंदर्याचं ऑपरेशन नाही, हे सासूबाईंना समजावणं गरजेचं आहे.

वीस वर्षांनंतर काय उरतं

या विषयावरचा सर्वात लांब चाललेला अभ्यास स्वीडनचा. 1987 पासून तिथे ऑपरेशन केलेले 2010 लोक आणि त्यांच्याचसारखे पण ऑपरेशन न केलेले 2037 लोक, अशा दोन गटांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. ऑपरेशन गटाचं वजन दोन वर्षांनी सरासरी 23 टक्के कमी झालं होतं. दहा वर्षांनी हा आकडा 17 टक्के आणि वीस वर्षांनी 18 टक्के. दुसऱ्या गटाचं वजन जवळपास जागेवरच राहिलं.

म्हणजे आपल्या ताईंचे 104 किलो याच हिशेबाने दोन वर्षांनी 80 होतील, आणि पुढे चार-पाच किलो परत येऊन 85 च्या आसपास थांबतील. 55 होणार नाहीत. बायपास केलेल्यांचं काहीसं बरं, दहा वर्षांनीही सरासरी 25 टक्के घट. स्वीडनमध्ये त्या काळी झालेली बहुतेक ऑपरेशनं जुन्या पद्धतीची होती, आता ती फारशी होत नाहीत, हेही ध्यानात ठेवायला हवं. सरासरी म्हटली की कुणाचं जास्त उतरतं, कुणाचं कमी. तरी "लग्नातला ड्रेस पुन्हा बसेल" एवढ्या आशेवर कुणी टेबलावर जाऊ नये.

आयुष्याचं काय? याच अभ्यासाचा 2020 मध्ये आलेला निकाल आम्हाला सगळ्यात प्रामाणिक वाटला. ऑपरेशन केलेले लोक न केलेल्यांपेक्षा सरासरी 3 वर्षं जास्त जगले. पण सामान्य लोकसंख्येच्या तुलनेत त्यांचं आयुष्य तरीही साडेपाच वर्षांनी कमीच राहिलं. भावाने यातला पहिला आकडा ऐकला आहे, दुसरा कुणी सांगितलेला दिसत नाही.

आमच्या समाजात घराघरात शुगर आहे, म्हणून त्यावर थोडं थांबू. स्वीडनच्या ज्या लोकांना आधीपासून मधुमेह होता, त्यांच्यापैकी 72 टक्के लोकांची शुगर ऑपरेशननंतर दोन वर्षांनी गोळ्यांशिवाय नॉर्मल होती. पंधरा वर्षांनी हे प्रमाण 30 टक्क्यांवर आलं. म्हणजे अनेकांची शुगर परत आली. मात्र ऑपरेशन न केलेल्यांत पंधरा वर्षांनी फक्त साडेसहा टक्के लोक असे होते. मधुमेह जितका नवा, तितका फायदा मोठा. पंधरा वर्षं जुन्या, इन्सुलिनवर आलेल्या शुगरचं तसं नाही. आणि ज्यांना मधुमेह नव्हताच, त्यांच्यात तो नव्याने होण्याचं प्रमाण दर हजारी वर्षाला 28 वरून 7 च्या आत आलं. हा फायदा कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, कारण न झालेल्या आजाराची फाईल बनत नाही.

अमेरिकेत क्लीव्हलंडला 150 मधुमेही रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून अभ्यास झाला. पाच वर्षांनी एचबीए1सी 6 किंवा त्याखाली असलेले लोक: फक्त औषधांवर 5 टक्के, स्लीव्हनंतर 23 टक्के, बायपासनंतर 29 टक्के.

याशिवाय झोपेत श्वास अडकणं, बीपी, गुडघ्यांवरचा भार हे बऱ्याच जणांचं हलकं होतं. ताई चार वर्षांपासून खुर्चीवर नमाज पढतात. तिने आम्हाला वजनाचा आकडा विचारलाच नाही. विचारलं ते एवढंच, "सज्दा जमेल का?" झिजलेली कूर्चा परत येत नाही, पण वीस किलो उतरले तर गुडघ्याला मोठा दिलासा मिळतो. खरं उत्तर तिचे एक्स-रे पाहून हाडांचे डॉक्टरच देतील.

धोका किती

सासूबाईंच्या भीतीलाही आधार आहे. स्वीडनमध्ये ऑपरेशननंतर 90 दिवसांत 2010 पैकी 5 जण दगावले. आकडा छोटा आहे, पण शून्य नाही. टाक्यातून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, हे सुरुवातीचे धोके. वजन अति वाढलेलं, हृदय-मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल तर धोका चढत जातो. 2017 मध्ये इजिप्तहून विमानाने मुंबईत आणलेल्या, पाचशे किलो वजन सांगितल्या गेलेल्या महिलेची बातमी आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिली. ऑपरेशन झालं, वजनही पुष्कळ उतरलं, पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत तिचा इंतकाल झाला. तिचे आजार लहानपणापासूनचे होते. तिच्यावरून सगळ्यांचा निकाल लावता येत नाही, पण वेळ फार गेला की ऑपरेशनही सगळं सावरू शकत नाही, एवढं खरं.

नंतरचे त्रास जास्त चिवट. बी12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर. "आता बरं वाटतंय" म्हणून त्या बंद करणारे दोन-तीन वर्षांनी अशक्तपणा आणि हातापायाच्या मुंग्या घेऊन परत येतात. केस गळतात, ते बहुधा काही महिन्यांनी पुन्हा येतात. पित्ताचे खडे होतात. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते. फिनलंडच्या 240 रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांनी अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत 31 टक्के आणि बायपासवाल्यांत 7 टक्के लोकांना आढळली. ज्यांना आधीच ॲसिडिटीचा जोरदार त्रास आहे त्यांनी कुठलं ऑपरेशन, हे म्हणून नीट विचारावं. बायपासनंतर मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलर अल्सर करू शकते, आणि बिडी-सिगारेटही. मनावरही परिणाम होतो. काही जणांना नैराश्य येतं. घरच्यांनी नुसतं ताट नाही, चेहराही बघत राहावं.

मुलगी लग्नाची किंवा नवविवाहित असेल तर आणखी एक गोष्ट. वजन उतरलं की बंद पडलेली पाळी सुरू होते आणि दिवस राहण्याची शक्यता एकदम वाढते. पण डॉक्टर साधारण 12 ते 18 महिने गरोदरपण टाळायला सांगतात, कारण त्या काळात आईलाच पोषण पुरत नाही. हे नवऱ्याला माहीत हवं. सासूबाईंनाही.

आपले खास प्रश्न

हे जायज आहे का? इस्लामी देशांच्या संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने 2007 मध्ये मलेशियातल्या अधिवेशनात यावर ठराव केला आहे. वजन हा आजार बनला असेल, ऑपरेशनशिवाय दुसरा मार्ग नसेल आणि त्यातून नुकसान होणार नाही याची काळजी घेतली असेल, तर त्याला परवानगी आहे. निव्वळ दिसण्यासाठी असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या भागातल्या मुफ्ती साहेबांना विचाराच, पण डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या, म्हणजे ते नेमका मसला बघून सांगतील.

औषधांचं. गुठळी होऊ नये म्हणून देतात ती हेपरिन आणि एनॉक्सापॅरिन ही इंजेक्शनं डुकराच्या आतड्यापासून बनतात. मन अडत असेल तर भरतीच्या आधीच बोला. फोंडापॅरिनक्स नावाचं कृत्रिमरीत्या बनवलेलं औषध आहे, ते तुम्हाला चालेल का हे डॉक्टर ठरवतील. ऐनवेळी बेडवरून इंजेक्शन नाकारू नका. जीव वाचवण्याच्या मजबुरीत शरीयतने सवलत ठेवली आहे. जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल जिलेटिनच्या असतात, त्याऐवजी गोळ्या मिळतात.

आणि रोजा. ऑपरेशननंतर माणूस गटागटा पाणी पिऊ शकत नाही, घोट घोट करत दिवसभरात दीड-दोन लिटर पोचवावं लागतं. इफ्तार ते सहरी या दहा तासांत पाणी, प्रोटीन आणि गोळ्या, सगळं बसत नाही. म्हणून अनेक सर्जन पहिलं वर्षभर तरी रोजा नको म्हणतात. आजाऱ्याला रोजे नंतर कजा करण्याची मुभा कुरआनातच आहे; ती घ्यायला लाज कसली? पुढे परवानगी मिळाली तरी बायपासवाल्यांनी इफ्तारला चार खजूर आणि वर रूहअफजा असं करू नये. साखर थेट आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, चक्कर, जुलाब. अर्धा खजूर, थोडं पाणी, मग अर्ध्या तासाने जेवण. शुगरच्या गोळ्यांचा डोसही रमजानच्या आधी ठरवून घ्यावा.

इंजेक्शनांबद्दलही लोक विचारतात. 2025 मध्ये भारतात आलेल्या टिरझेपाटाइड आणि सेमाग्लुटाइडच्या वजनाच्या इंजेक्शनांनी अभ्यासात साधारण सव्वा ते दीड वर्षात 15 ते 21 टक्के वजन उतरलं. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही त्यांच्यासाठी हा विचार करण्यासारखा रस्ता आहे, फक्त खर्च चालूच राहतो.

ऑपरेशनचा खर्च खासगीत लाखांत जातो. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी आधी वाचा. आपल्याकडच्या पॉलिसींमधल्या ठरलेल्या अटीनुसार वय 18 च्या पुढे आणि बीएमआय 40 किंवा जास्त, अथवा 35 आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा ताब्यात न येणारी शुगर असेल, आणि आधीचे सोपे उपाय करूनही उपयोग झाला नसेल, तरच क्लेम बसतो. म्हणून डाएटिशियनचे जुने कागद फेकू नका.

ताईंना आम्ही हे सगळं वहीच्या दोन पानांवर लिहून दिलं, खाली सर्जनला विचारायचे चार प्रश्न: माझ्या ॲसिडिटीत स्लीव्ह की बायपास, तुम्ही आतापर्यंत अशी किती केलीत, गळती झाली तर रात्री फोन कुणाला करायचा, आणि पाच वर्षांनी माझी रक्ततपासणी कोण बघणार. पुढच्या भेटीला त्या सासूबाईंनाही सोबत नेणार आहेत.