खेळाच्या पोटातील खेळ

सुट्टी लागली, की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : मूल मोबाईल खाली ठेवीत नाही. तक्रार खरी आहे. परंतु ज्या खेळांविषयी ती करावयाची, ते खेळ फार थोड्या आईबापांनी निरखून पाहिलेले असतात. मुलाच्या शेजारी दहा मिनिटे बसून, "हे काय चालले आहे, मला समजावून सांग," असे म्हणणारा बाप विरळाच. म्हणून या आठवड्यात आम्ही व्हिडिओ गेमच्या अफाट प्रांतातील एक लहानसा कोपरा वाचकांपुढे मांडीत आहोत. त्याचे नाव 'मिनी-गेम'. कोपरा लहान खरा. परंतु खेळाने घरात किती जागा घ्यावी, या मोठ्या प्रश्नाचे उत्तर तेथे स्वच्छ दिसते.

मिनी-गेम म्हणजे काय?

मोठ्या व्हिडिओ गेमच्या आत मधूनमधून येणारा, आपल्यापुरते वेगळे नियम असलेला छोटा खेळ, तो मिनी-गेम. मोठ्या खेळातील नायक दूरच्या प्रवासास निघालेला असतो. वाटेतील एखाद्या गावी मासे धरण्याची शर्यत लागते, किंवा पत्ते जुळविण्याचे कोडे पुढे येते. दोन-तीन मिनिटांत ते संपते आणि नायक पुन्हा वाटेस लागतो. आपल्या पानात डाव्या बाजूस लोणचे व कोशिंबीर वाढतात, तशीच ही गोष्ट. लोणच्याने जेवणाला रुची येते. मात्र भातभाकरी बाजूस सारून लोणच्यावरच कोणी पोट भरू लागला, तर दोष लोणच्याचा म्हणता येणार नाही.

या छोट्या खेळांचा इतिहासही मौजेचा आहे. १९९४ साली जपानमध्ये 'रिज रेसर' हा मोटारशर्यतीचा खेळ घरी खेळावयाच्या यंत्रावर आला. मुख्य खेळ यंत्रात चढेपर्यंत खेळणाऱ्यास वाट पाहावी लागे. तेवढ्या वेळात करमणूक व्हावी म्हणून कंपनीने आपला एक जुना छोटा खेळ पडद्यावर ठेविला. १९९८ साली 'मारिओ पार्टी' निघाला. त्यात चौघांनी मिळून सोंगट्यांच्या पटासारख्या पटावर फिरावयाचे आणि प्रत्येक फेरीनंतर एक मिनी-गेम खेळावयाचा, अशी योजना होती. पुढे २००३ साली 'वारिओवेअर' आला. त्यातील एकेक खेळ अवघ्या काही सेकंदांचा! अशा रीतीने जे तोंडी लावणे होते, त्याचेच काही ठिकाणी जेवण झाले.

येथे एक गोष्ट गोव्याच्या व आसपासच्या वाचकांस विशेष वाटेल. 'मारिओ पार्टी' काढणारी निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली जपानमधील क्योटो शहरी स्थापन झाली, ती पत्ते तयार करण्यासाठी. फुलांची चित्रे असलेले ते ४८ जपानी पत्ते होते. वर्षाचे बारा महिने आणि प्रत्येक महिन्याचे चार पत्ते. जपानला पत्त्यांची ओळख सोळाव्या शतकात पोर्तुगीज दर्यावर्दींनी करून दिली, आणि पारंपरिक जपानी पत्त्यांना जपानी भाषेत आजही 'कारुता' म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज 'कार्ता'वरूनच आलेला आहे. त्याच काळी, १५४९ साली, संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, १५ ऑगस्ट रोजी, जपानच्या कागोशिमा बंदरी उतरले. एकाच सागरी मार्गाने सुवार्ताही गेली आणि पत्तेही गेले. माणसाच्या हाती दोन्ही येतात. कशाला किती स्थान द्यावे, हे त्याने ठरवावयाचे असते.

हेराचे कुटुंब

आता एक अलीकडचे उदाहरण पाहू. तात्सुया एंडो या जपानी चित्रकथाकाराची 'स्पाय फॅमिली' ही चित्रकथा २०१९ साली सुरू झाली व जगभर लोकप्रिय झाली. एका हेराला कामगिरीसाठी घरसंसार दाखविणे भाग पडते. तो अनाथाश्रमातून आन्या नावाची मुलगी आणतो आणि एका स्त्रीशी नावापुरता विवाह करितो. ती स्त्री गुपचूप मारेकऱ्याचे काम करीत असते, हे त्यास ठाऊक नसते. तो हेर आहे, हे तिला ठाऊक नसते. परंतु दुसऱ्याच्या मनातील ओळखण्याची शक्ती असलेल्या चिमुकल्या आन्याला मात्र सारे ठाऊक असते, आणि हे घर मोडू नये एवढीच तिची इच्छा असते.

याच कथेवरील 'स्पाय आन्या' हा व्हिडिओ गेम डिसेंबर २०२३ मध्ये जपानात व २०२४ साली इतर देशांत निघाला. हेरकथा म्हटल्यावर गोळीबार व पाठलाग डोळ्यांपुढे येतात. पण येथे आन्याला शाळेत छायाचित्रांची रोजनिशी करण्याचा गृहपाठ मिळालेला आहे. ती घरच्या माणसांबरोबर सहलीस जाते, आवडत्या क्षणांची छायाचित्रे काढते, आणि मधूनमधून निरनिराळे मिनी-गेम खेळते.

पालकांनी दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्यात. मूळ कथेत खोटे बोलणे आहे, मारेकरी आहे. तेव्हा ती कोणत्या वयाच्या मुलाने पाहावी, याचा विचार आधी व्हावा. परंतु कथेचा गाभा असा, की खोटे म्हणून मांडलेले घर रोजच्या काळजीने खरे होत जाते. हेर बाप कामावरून थकून येतो आणि मुलीच्या अभ्यासास बसतो. आपण तर देवासमोर वचन देऊन खरे कुटुंब उभारलेले असते. त्या खऱ्या घरात मुलाच्या वाट्यास बापाची दहा मिनिटे येऊ नयेत काय?

घरातील व्यायामशाळा

मिनी-गेमची दुसरी शाखा शरीराच्या व्यायामाची आहे. निन्टेन्डोचे प्रसिद्ध खेळकर्ते शिगेरु मियामोतो यांच्या घरी सर्वजण वजनकाट्यावर उभे राहून वजनाच्या नोंदी ठेवीत. त्यात खेळाची गोडी आहे, हे त्यांनी हेरले. त्यातून डिसेंबर २००७ मध्ये 'वी फिट' निघाला. त्यासोबत पाटासारखी एक चपटी फळी मिळे. तिच्या चार कोपऱ्यांतील यंत्रणा उभ्या राहिलेल्या माणसाचे वजन कोणत्या बाजूस कलते, ते ओळखी आणि पडद्यावरील आकृती त्याप्रमाणे हले. डोक्याने चेंडू मारणे, बर्फावरून घसरत जाणे, दोरीवरून चालणे असे त्यात तोल सांभाळण्याचे मिनी-गेम होते. आणि आमच्या वाचकांस परिचित असा सूर्यनमस्कारही होता! या खेळाच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्याच्या आदल्या वर्षी निघालेल्या 'वी स्पोर्ट्स'मधील बॉलिंग तर अमेरिकेतील वृद्धाश्रमांत रंगू लागले.

पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर' आला. एक लवचीक कडे हातात धरून दाबावयाचे वा ताणावयाचे, एक पट्टा मांडीस बांधावयाचा आणि जागच्या जागी धावावयाचे. तसतसा पडद्यावरील नायक पुढे जातो, उठाबशा काढून शत्रूशी झुंजतो, आणि मध्ये मध्ये मिनी-गेमही खेळतो. २०२० साली महासाथीमुळे लोक घरात कोंडले गेले, तेव्हा अनेक देशांत हा खेळ दुकानांत मिळेनासा झाला.

ही यंत्रे महाग असतात, आणि आमच्या खेड्यापाड्यांत क्वचितच दिसतात. त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. दोरीवरून चालण्याचा जो खेळ पडद्यावर विकला गेला, तोच खेळ इटलीतील बेक्की गावचा एक गरीब मुलगा दोन झाडांना दोरी बांधून खरोखर खेळत असे. गावकरी जमले, की तो आधी त्यांच्याकडून जपमाळ म्हणवून घेई, रविवारचे प्रवचन आठवेल तसे सांगे, आणि मग दोरीवर चढे. तो मुलगा म्हणजे तरुणांचे संत डॉन बॉस्को. आपली मुलेही शेताच्या बांधावरून तोल सावरीत धावतात, लंगडी घालतात, लगोरी रचतात. पडद्यावरील मिनी-गेम ही या खेळांची नक्कल आहे. अस्सल माल अंगणात आहे, हे मुलांस कोणी सांगावे लागते, एवढेच.

तीन कसोट्या

मग ख्रिस्ती माणसाने खेळावे की खेळू नये? या प्रश्नाचे उत्तर संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच आपल्या महाग्रंथात देऊन ठेविले आहे. तेथे त्यांनी प्रेषित संत योहानाची एक जुनी कथा सांगितली आहे. संत योहान शिष्यांसह खेळत असलेले पाहून काही जणांस आश्चर्य वाटले. त्यांपैकी एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्यास बाण सोडावयास सांगितले. त्याने अनेक बाण सोडल्यावर योहानाने विचारले, "असेच सारखे करीत राहशील काय?" तो म्हणाला, "तसे केल्यास धनुष्य मोडेल." तेव्हा संत म्हणाले, की माणसाच्या मनाचेही तसेच आहे, त्याचा ताण कधी सैल झाला नाही, तर तेही मोडेल.

तेव्हा खेळ हे पाप नव्हे. मनाची ती गरज आहे. मात्र अक्वायनस तीन कसोट्या लावितात : खेळात अशोभनीय वा अपायकारक काही नसावे, खेळता खेळता मनाचा तोल सर्वस्वी सुटू नये, आणि खेळ त्या त्या माणसास, वेळेस व स्थळास साजेसा असावा.

पहिली कसोटी अपायाची. पहिल्या 'मारिओ पार्टी'तील काही मिनी-गेममध्ये यंत्राची दांडी फार वेगाने फिरवावी लागे. मुले ती तळहाताने घासून फिरवीत व त्यांच्या हातांस फोड येत. अखेर २००० साली न्यूयॉर्क राज्याच्या कायदा अधिकाऱ्यांशी तडजोड करून कंपनीने हातमोजे देण्याचे मान्य केले. त्याहून खोल अपाय जुगाराचा. 'पोकेमॉन' या मुलांच्या खेळातही पूर्वी जुगारयंत्राचा मिनी-गेम असे. त्यात खरे पैसे नव्हते. तरी सवयीचे बीज होतेच. २०१० साली जपानबाहेर निघालेल्या आवृत्तीत ते यंत्र काढून त्या जागी आकड्यांचे कोडे घालण्यात आले. आपल्या देशातही पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांस बंदी घालणाऱ्या कायद्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. तरीही ज्या खेळात बापाच्या बँक खात्याचा आकडा मागितला जातो, तो मुलाच्या हाती देऊ नये, हे सांगण्यास कायदा कशास हवा?

दुसरी कसोटी मनाच्या तोलाची. खेळावरचा ताबा सुटणे, इतर साऱ्या कामांहून खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, या अवस्थेस जागतिक आरोग्य संघटनेने विकारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. येथे मिनी-गेमचा गुण आणि मोबाईलवरील कित्येक खेळांचा दोष समोरासमोर येतो. चांगल्या मिनी-गेमला शेवट असतो; तो संपतो आणि खेळणाऱ्यास मुख्य वाटेवर आणून सोडतो. मोबाईलवरील कित्येक खेळांना शेवटच नसतो. एक डाव हरताच दुसरा आपोआप पुढे येतो, मध्ये जाहिरात घुसते, आणि "आणखी एकदाच" म्हणता म्हणता दिवेलागण टळून जाते.

तिसरी कसोटी माणूस, वेळ व स्थळ यांची. दोन ते चार वर्षांच्या मुलाने बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा, जितका कमी तितका बरा, आणि वर्षाच्या आतील बाळास पडदा मुळीच दाखवू नये, असे याच संघटनेने २०१९ साली सांगितले. जेवणाचे पान, अभ्यासाची वही, आजीचे अंथरूण आणि संध्याकाळची जपमाळ ही मोबाईलची स्थळे नव्हेत.

एका तासाचा संत

हे सारे आजच्या मुलांना जमेल काय, अशी शंका येईल. तिचे उत्तर ७ सप्टेंबर २०२५ रोजी रोम येथे मिळाले. त्या दिवशी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अ‍ॅक्युटिस यांना संतपद दिले. १९९१ साली जन्मलेला आणि २००६ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने निवर्तलेला हा इटालियन मुलगा संगणकात निष्णात होता. त्यास व्हिडिओ गेमही आवडत. परंतु त्याने आठवड्यास एकच तास खेळावयाचे ठरविले व ते पाळले. उरलेल्या वेळात त्याने ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची माहिती गोळा करून ती इंटरनेटवर मांडली. पवित्र मिस्सा त्याचा नित्यक्रम होता. खेळ त्याच्या आयुष्यात होता. पण मोठ्या खेळात मिनी-गेम असतो, तेवढाच होता.

आमचे सांगणे एवढेच. मुलाच्या हातातून मोबाईल हिसकावून घेण्याआधी त्याच्या शेजारी बसावे. खेळाचे नाव विचारावे, त्यात पैसा वा हिंसा आहे काय ते पाहावे, आणि वेळ मुलाच्याच संमतीने ठरवावा. स्वतः ठरविलेला नियम पाळण्यात मुलांस अभिमान वाटतो. मग तोच नियम आपल्या मोबाईललाही लावावा. कारण बाप रात्री अकरापर्यंत चित्रफिती पाहत बसला, तर मुलास उपदेश करण्याचा त्याचा अधिकार संपतो. आणि ठरलेला वेळ संपला, की मुलास नुसते "पुरे" म्हणून मोकळे होऊ नये; त्याच्याबरोबर अंगणात उतरावे. लगोरी रचावयास सात चपट्या ठिकऱ्या लागतात, आणि खेळावयास सोबती. ठिकऱ्या प्रत्येक गावात आहेत. सोबती आपणच व्हावयाचे आहे.