ट्रक कॅम्परची विद्युत यंत्रणा

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यावर बसवलेली, निवासाची सोय असलेली खोली होय. जुना कॅम्पर पुन्हा वापरात आणताना विद्युत यंत्रणेची तपासणी महत्त्वाची असते, कारण सदोष तारांमुळे आग लागू शकते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले.

रचना
दिवे, पंखा व पाण्याचा पंप यांसाठी सहसा १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी असते. ती अल्टरनेटरवर किंवा सौर पॅनलवर चार्ज होते. ६० वॅटच्या उपकरणास २३० व्होल्टवर सुमारे ०.२६ अँपिअर, तर १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह लागतो. त्यामुळे येथे जाड तारा वापराव्या लागतात.

दोष व दुरुस्ती
अनेक वाहनांत परतीचा प्रवाह सांगाड्यातून वाहतो. पोलादपूर तालुक्यातील उमरठसारख्या अतिवृष्टीच्या डोंगराळ भागात दमटपणामुळे अर्थिंगचे जोड गंजतात, रोध वाढतो व दिवे मंद होतात. अशा वेळी बॅटरी बदलण्यापूर्वी भार चालू ठेवून मल्टिमीटरने जोडांवरील व्होल्टेज-घट मोजतात. दोष आढळल्यास बॅटरीची जोडणी सोडवून जोड घासून साफ करतात व पुन्हा घट्ट आवळतात. पूर्ण चार्ज झालेली शिसे-आम्ल बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते.

फ्यूज प्रामुख्याने तारेचे रक्षण करतो. म्हणून तो बॅटरीजवळ बसवतात. वारंवार वितळणाऱ्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज घातल्यास मूळ दोष तसाच राहतो आणि तार तापून पेट घेऊ शकते.

कायदा
भारतात वाहनातील फेरफार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नियंत्रित केले जातात.